जास्तीचा ठोका

ज्यांना ‘खेचर’ कधी चालवावी लागली नाही, त्यांचाच त्या गाडीवर सगळ्यात जास्त जीव होता. चालवणाऱ्यांच्या पाठीचे मणके तिने केव्हाच ढिले करून ठेवले होते. कच्च्या डोंगरवाटा, खाणी, नदीचं कोरडं पात्र, जिथे दुसरी गाडी हात टेकायची तिथे ही बिनदिक्कत जायची, फक्त आत बसलेल्याला डब्यातल्या खड्यासारखं खुळखुळवत न्यायची. गाडीचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्या तोंडी कधी बसलं नाही. बावीस वर्षांपूर्वी कारखान्याने तिचं उत्पादन बंद केलं तेव्हा कुणी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. आता ती नव्या रूपात परत येणार म्हटल्यावर मात्र जो तो गळा काढत होता. दिवे गोलच ठेवा, बॉनेट चपटंच ठेवा, आणि बाकी काय वाट्टेल ते करा पण साखळीला हात लावू नका, अशी पत्रांवर पत्रं येत होती.

साखळीचं असं होतं की खेचरला दारं नव्हती. दाराच्या जागी कमरेच्या उंचीवर एक साखळी आडवी जायची, रबरी नळीत ओवलेली. मागच्या खांबाला ती रिव्हेट मारून पक्की केलेली, आणि पुढच्या खांबावर बोटाएवढा लोखंडी आकडा. साखळीची शेवटची कडी त्या आकड्यात अडकवायची. उतरायचं झालं की अंगठ्याने कडीला एक टिचकी, साखळी खाली, माणूस बाहेर. एका हाताचं काम. त्या टिचकीवर लोक फिदा होते.

तो आकडा तसा बसवायची युक्ती ज्याची, तो फिटर अजून हयात होता. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, नजर शाबूत. कारखान्यात त्याला सगळे आकडेमास्तर म्हणायचे आणि नव्याने लागलेल्यांना वाटायचं की हा गृहस्थ आधी गणित शिकवत असणार. फिटिंग शॉपमधले त्याचे बाकीचे सोबती एकेक करून गेले होते. म्हणून बोलावणं त्यालाच आलं.

बोलावलं होतं वारसा विभागाच्या साहेबांनी. जुन्या गाड्यांचे फोटो, नकाशे, फाइली सांभाळायला कारखान्याने हा विभाग नुकताच काढला होता, आणि साहेब त्या कामात इतके बुडाले होते की गेटवरचा पहारेकरी त्यांना पाठीमागे ‘पुराणपुरुष’ म्हणायचा. साहेबांनी फोनवर सांगितलं, “मास्तर, तुम्ही फक्त या आणि नव्या गाडीत जुनी दिसतेय का ते बघा. आकडा तेवढा तुमच्या हातचा हवा. पहिल्या गाडीला होता तसा, हुबेहूब.”

फिटर नाही म्हणू शकला असता. त्याने हो म्हटलं, कारण नाही म्हटलं तर बायकोने का म्हणून विचारलं असतं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. त्या घरात साखळी म्हणून नव्हती. दाराला अडसर होता, किल्ल्या दोरीला बांधलेल्या होत्या, आणि फिटरचं मनगटी घड्याळ चामडी पट्ट्याचं होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आपोआप होत गेलं. बायको गॅसची कळ तीनदा बघायची, अडसर चारदा. जिन्यापर्यंत जाऊन परत यायची आणि दाराला हात लावून उभी राहायची. शेजारीण हसायची, “अहो, घर कुठे पळून जात नाही तुमचं!” शेजारणीची सून आपलं तान्हं तिच्याकडे द्यायला गेली की ती दोन पावलं मागे सरायची आणि म्हणायची, “माझे हात ओले आहेत गं.” हात ओले नसायचे. फिटर हे सगळं चौतीस वर्षं बघत आला होता.

कारखान्याच्या ज्या खोलीत नवी गाडी घडत होती तिथे पत्र्याचा पत्ता नव्हता. अख्खी गाडी मातीची होती. तपकिरी, मेणचट माती, भट्टीत मऊ करून लाकडी सांगाड्यावर थापलेली, पुरी गाडीच्या आकाराची. पंचवीस-सव्वीस वर्षांची डिझायनर मुलगी हातात पातळ पोलादी पातं घेऊन बॉनेट तासत होती. ती झटकन पुढे आली.

“काका, तुमची फार वाट बघितली आम्ही. आधी लांबून बघा, मग जवळून. आणि खरं सांगा हं, मन राखायला नको.”

त्याने लांबून बघितलं. खेचरच होती. गोल दिवे, आखडलेलं नाक, आणि बाजूला ते दाराविना उघडं तोंड. त्या उघड्या जागेत त्याला पिवळा स्वेटर दिसला. त्याने डोळे मिटून उघडले, तेव्हा तिथे नुसती माती होती.

त्याला हे नवीन नव्हतं. बसमध्ये, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही कमरेच्या उंचीची मोकळी जागा दिसली की तिथे मिठू उभी असायची. साडेचार वर्षांची, पिवळ्या स्वेटरातली, ऐकलेला प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवणारी त्यांची मुलगी. ती वाढत नव्हती. तो मात्र हिशेब लावत राहायचा की यंदा ती अडतीस वर्षांची झाली असती, आणि रस्त्यात त्या वयाची बाई दिसली की मान खाली घालायचा.

“जवळून बघा ना,” डिझायनर म्हणाली.

तो जवळ गेला. उंबऱ्यापाशी, जिथे पाय ठेवून आत चढतात तिथे, मातीत चार लहान बोटांचे ठसे होते. त्याने विचारलं, “इथे लहान मूल आलं होतं?”

“माझीच बोटं ती,” ती हसली. “घरी पण चिडवतात मला, हात बाहुलीचे आहेत म्हणून. तासून टाकते.”

तिने पातं फिरवलं, ठसे गेले. ते गेले तसा तो आणखीनच घाबरा झाला. त्याने पाणी मागितलं.

मग साहेब आले, हातात पहिल्या आकड्याचा नकाशा घेऊन. त्यांनी समजावलं की नव्या गाडीला दारं असतील, कायद्याने लागतातच, पण हौशी मंडळींना ती काढून ठेवता येतील. खाजगी माळावर, खडकाळ वाटांवर, दारं काढून साखळी लावून फिरायचं, जुन्या दिवसांसारखं. “नकाशाबरहुकूम करा, मास्तर,” साहेब म्हणाले. “तोंड खाली, पत्ती नाही. लोकांना केसभर फरक चालायचा नाही.”

फिटर आकडा करायला बसला. कारखान्याच्या जुन्या वर्कशॉपमध्ये त्याला शेगडी, ऐरण आणि हातोडा मिळाला. हात विसरले नव्हते. तासाभरात त्याने आकडा केला आणि डिझायनरच्या तळव्यावर ठेवला. तिने तो नकाशावर धरला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“काका, टोक वर वळलंय. नकाशात सरळ आहे.”

“हात बसलाय तसा,” तो म्हणाला.

त्याने दुसरा केला. त्याचंही टोक वर वळलं. तिसऱ्याच्या वेळी ती शेजारी उभी राहून बघत होती. आकडा पुरा झाल्यावर, हातोडा खाली ठेवायच्या आधी, त्याने टोकाला खालून एक जास्तीचा ठोका दिला. तिने तो ठोका पाहिला.

“हा का मारलात?”

“म्हटलं ना, सवय.”

“पण पहिल्या गाडीला नाहीये असा. हॉलमधली गाडी मी मापून आलेय.” तिचा आवाज वाईट नव्हता. प्रामाणिक कारागिराला दुसऱ्याची चूक दिसली की जसा होतो तसा तो होता. “जुनं जसं होतं तसंच द्यायचं असं आपण ठरवलंय, काका. नाहीतर मग नवीनच गाडी करायची होती की.”

फिटरला ती मुलगी आवडली होती, म्हणून त्याला राग आला. राग आपला आपल्यावरच होता, पण तोंडातून बाहेर आला तो तिच्यावर. “दोन लाकडी ठोकळे आणा,” तो म्हणाला. “आणि जॅक. दाखवतो तुम्हाला, जुनं कसं होतं ते.”

दर्शनी हॉलमध्ये दोरीच्या आड पहिली खेचर उभी होती, पॉलिश करकरून चेहरामोहरा हरवलेली. साहेबांनी नाक मुरडलं, पण परवानगी दिली. फिटरने साखळी लावली. कडी आकड्यात बसली, साखळी ताठ झाली, ओढली तरी हलेना. “बघा, पक्की आहे,” तो म्हणाला. “आम्ही पण अशीच बघितली होती, शॉपमधल्या सपाट फरशीवर. शंभरदा ओढली, तिघं लटकलो. टाळ्या वाजल्या. डोंगरात जायची गाडी, आणि आम्ही आकडा तपासला फरशीवर! एकाच्याही डोक्यात आलं नाही.”

मग त्याने डाव्या बाजूचं पुढचं चाक जॅकने उचलून ठोकळ्यावर ठेवलं, उजव्या बाजूचं मागचं चाक दुसऱ्या ठोकळ्यावर. खड्ड्यात आणि उंचवट्यावर एकाच वेळी चाक गेलं की जशी होते तशी गाडी पिळवटली. चासी वळली, तिच्यावरची बॉडी वळली, आणि दोन खांब एकमेकांच्या जवळ आले, अंगठ्याच्या रुंदीएवढे. तेवढ्याने साखळी सैल पडली.

“आता हात नुसता टेकवा,” तो म्हणाला.

डिझायनरने साखळीवर हात टेकवला. कडी आकड्यातून आपसूक सुटली आणि साखळी पत्र्यावर आपटली. फिटरने डोळे आधीच मिटून घेतले होते. आवाज मात्र त्याने ऐकला, आणि तो तोच होता.

डिझायनर मुलीने लोंबणारी साखळी उचलून कडी पुन्हा आकड्याला लावून पाहिली. “म्हणून तुम्ही टोक वर वळवता.”

“आधी नकाशात तोंड वरच होतं. वर एक पत्ती होती, स्प्रिंगची, ती दाबल्याशिवाय कडी निघायची नाही. दोन हात लागायचे. चाचणी घेणारे ड्रायव्हर लोक शिव्या घालायचे. मग मी म्हटलं, तोंड खाली करू, पत्ती काढून टाकू, साखळीचा ताणच कडीला धरून ठेवील.” तो थांबला. “खूप कौतुक झालं माझं. मास्तर मास्तर म्हणून डोक्यावर घेतलं सगळ्यांनी.”

साहेबांनी चष्मा पुसला. “मास्तर, ही पहिली गाडी. हिचे खांब आता खिळखिळे झालेत. नवी गाडी इतकी पिळवटणार नाही, शिवाय कमरेला पट्टे आहेतच. साखळी म्हणजे शोभा.”

“साखळी दिसली की माणूस तिच्यावर भार टाकतो, साहेब. पट्टा असला तरी टाकतो. पोरं तर लोंबकळतातच.”

“आणि आमच्या फाइली काय सांगतात? हजारो गाड्या गेल्या, बारा-पंधरा वर्षं त्या आकड्यावर धावल्या. अपघाताची नोंद फक्त एक.”

“कारण माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक आकड्याला मी हा ठोका मारला. फिटिंग माझ्या टेबलावरूनच जायचं. बारा वर्षं मारला.”

“कुणाच्या परवानगीने?” साहेबांच्या तोंडून गेलं, आणि मग त्यांचं त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं.

डिझायनरने मात्र दुसरंच विचारलं, अगदी सरळपणे. “पण बारा वर्षंच का? आधी नव्हता मारत. मध्येच का सुरू केलात?”

फिटर जॅक सैल करायला वाकला. साहेब कपाटाकडे गेले आणि एक पातळ फाइल घेऊन आले. “ही ती एकमेव नोंद. त्यातही आकड्याचा दोष नाही असं तेव्हाच्या कुणा फिटरने स्वतः लिहून दिलंय. वाच गं.”

डिझायनरने मोठ्याने वाचलं. सुट्टीच्या दिवशी चाचणीची गाडी घेऊन एक कर्मचारी बायको-मुलीसह खाणीच्या वाटेने गेला होता. मुलगी गाडीतून पडून दगावली. “ ‘मी आकडा तपासला आहे. आकड्यात दोष नाही. आईकडून घाईत साखळी लावायची राहून गेली असावी.’ ” ती खालच्या सहीपाशी येऊन थांबली. तिने फिटरकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“काका,” ती हळू म्हणाली, “ही तुमची...?”

“उद्या सांगतो,” फिटर म्हणाला. “उद्या येऊन सगळं सांगतो. आकडा तोवर पक्का करू नका.”

बाहेर पडून तो चालतच घरी निघाला. त्याला ठाऊक होतं की त्याचंच ते वाक्य आडवं आलंय. चौतीस वर्षांपूर्वी दोन ओळींत त्याने आकडा निर्दोष ठरवला होता, आणि ते खोटं होतं असं सांगितल्याशिवाय आता तो आकडा कुणी बदलणार नव्हतं. आणि ते खोटं होतं हे ऐकायचा पहिला हक्क वारसा विभागाचा नव्हता.

त्या दिवशी मिठू आईच्या गुडघ्यांमध्ये उभी होती, साखळीला दोन्ही हातांनी धरून. निघताना बायकोने कडी आकड्यात अडकवली. फिटरने तो आवाज ऐकला आणि मगच गिअर टाकला. नेहमीची सवय, आवाज आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. खाणीच्या उतारावर डावं चाक घळीत गेलं. बायको पाण्याची बाटली घ्यायला अर्धी मागे वळली होती. गाडी थांबेपर्यंत सगळं संपलेलं होतं. तो धावत फेरा घालून तिकडे गेला तेव्हा साखळी खाली लोंबत होती आणि आकडा रिकामा होता, तोंड खाली. त्याला तिथल्या तिथे कळलं. आधी कधीच कळलं नव्हतं ते सगळं एका श्वासात कळलं.

बायको रस्त्यावर बसून ओरडत होती, “मी लावली होती ना हो? साखळी लावली होती ना मी?”

तो एका शब्दाने सांगू शकला असता. त्याने सांगितलं नाही. मुलगी आपल्या आकड्याने गेली हे शब्द तोंडातून काढले असते तर आपण जागीच मेलो असतो असं त्याला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत बायकोनेच स्वतःला उत्तर दिलं, “नाही लावली. मी नाही लावली.” तिसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस कागद घेऊन आला आणि फिटरने तेच लिहून दिलं. बायको तोपर्यंत कारखान्यातच गाड्यांची कापडी छतं, हूड, शिवायच्या खात्यात होती, हाताला वाखाणण्यासारखी सफाई. त्यानंतर ती कामावर गेली नाही. खापर तिने आपणहून डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याने ते खाली उतरवू दिलं नाही. भित्रेपणाच तो, दुसरं काही नाही. त्याने स्वतःला दुसरं नाव कधी लावलंही नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

“लवकर आलात? झाला का तुमचा आकडा?”

“तुला एक सांगायचंय.”

“दूध ठेवलंय, तेवढं उतू जाऊ नये. उतरवते आणि बसते.” तिने दूध उतरवलं, गॅसची कळ बघितली, पुन्हा बघितली, आणि येऊन बसली. “हं.”

“साखळी तू लावली होतीस.”

“कुठली साखळी?” ती म्हणाली. पण त्या घरात साखळी म्हणजे कुठली हे तिलाही माहीत होतं. तिचे हात शेंगांवर थांबले.

त्याने सांगितलं. आवाज ऐकला होता ते सांगितलं, घळीत गाडी पिळवटली ते सांगितलं, आकडा, पत्ती, टाळ्या, तो कागद. आकड्याचं सांगताना त्याची भीड थोडी चेपली, कारण ते त्याचं काम होतं आणि त्याबद्दल त्याला बोलता येत होतं. तिने मध्येच हात वर केला.

“आकड्याचं राहू द्या. मी लावली होती?”

“हो.”

“तुम्ही पाहिलं?”

“ऐकलं. कडी बसली, मगच मी गाडी काढली.”

“परत सांगा.”

“तू लावली होतीस.”

“आणखी एकदा.”

त्याने आणखी एकदा सांगितलं. तिने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. ती रडेल, अंगावर येईल, ताट भिरकावेल, या सगळ्याची तयारी तो वाटेत करून आला होता. तिने तसं काही केलं नाही. उरलेल्या शेंगा सोलल्या, साली गोळा केल्या आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तो दाराशी बसून राहिला. आत जायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी तो उठला तेव्हा ती तयार होऊन खुर्चीत बसली होती. “मलाही यायचंय,” ती म्हणाली.

साहेबांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. डिझायनर मुलगी उभीच राहिली. बायकोने फाइल मागून घेतली आणि ओळीखाली बोट धरून तो कागद वाचला, दोनदा. “अक्षर चांगलं होतं तुमचं,” ती म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, “हे खोडा.”

साहेब अवघडले. “जुन्या कागदाला हात लावता येत नाही, बाई. वारसा आहे तो. पण नवा कागद जोडता येईल.”

“मग द्या नवा.”

फिटरने नव्या कागदावर सगळं लिहिलं. तोंड खाली का केलं, फरशीवर कसं तपासलं, बारा वर्षं जास्तीचा ठोका का मारला. शेवटी लिहिलं की आधीचा जबाब खोटा होता आणि तो खोटा आहे हे लिहिताना आपल्याला माहीत होतं. त्याची सही झाल्यावर बायकोने पेन घेतलं आणि खाली एकच ओळ लिहिली, “साखळी मी लावली होती.” आणि आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

डिझायनर नकाशावर वाकली होती. तिने आकड्याचं तोंड वर केलं, वर पत्ती रेखली, बाजूला मापं लिहिली. “आता टिचकीने निघणार नाही,” ती म्हणाली. “पत्रांचा पाऊस पडेल.”

“पडू दे,” साहेब म्हणाले. “जुनं जसंच्या तसं हवं म्हणणाऱ्यांना जुनं काय होतं ते आम्ही तरी कुठे सांगितलंय? ते नकाशात नव्हतं, या माणसाच्या हातोडीत होतं. मास्तर, रोज या फाइली वाचतोय मी, तरी कळलं नाही.”

दोघं गेटबाहेर आली. रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक होता, तिथे टेकली. ऊन होतं, वर्दळ होती. फिटरच्या मनात आलं की आता तरी ती काहीतरी बोलेल, वाटेल तेवढं बोलेल, आणि तेही आपल्याला पुरणार नाही. त्याने तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

“दुसऱ्या वर्षी दवाखान्यात गेलो होतो आपण,” ती म्हणाली. “त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वय आहे अजून, दुसरं होऊ द्या.”

तो गुडघा चोळू लागला.

“मी म्हटलं, नको. माझ्याकडून पोर सांभाळलं जात नाही, मला पुन्हा देऊ नका. त्या म्हणाल्या, असं का म्हणताय? मी म्हटलं, मी साखळी लावायला विसरते.” तिने पदर सारखा केला. “तुम्ही तिथेच होतात. शेजारच्या खुर्चीत.”

बस आली. तिचं दार उघडलं आणि कुणी चढत नाही असं बघून मिटलं.

“होतो,” तो म्हणाला.